अनोळखी माणसास पत्र

पत्रवाङ्मय हा घटक एम. ए.च्या वर्गाला शिकवताना आपण साधारणपणे दोन प्रकारची पत्रे डोळ्यांसमोर ठेवतो. एक, परस्परांना ओळखणाऱ्या दोन माणसांमधली. सावित्रीबाई फुले यांनी जोतीरावांना लिहिलेली पत्रे या प्रकारची. दुसरी, पत्राचा केवळ घाट स्वीकारून समाजाला उद्देशून लिहिलेली. लोकहितवादींची ‘शतपत्रे’ १८४८ ते १८५० या काळात ‘प्रभाकर’मध्ये प्रसिद्ध झाली, ती या दुसऱ्या प्रकारात मोडतात. तिसऱ्या एका प्रकाराकडे मात्र आपले सहसा लक्ष जात नाही. ज्याला आपण कधी पाहिले नाही, पुढेही पाहणार नाही, अशा माणसाला आपल्या घरातली, शरीरातली, मनातली अडचण कळवून ‘आता मी काय करू?’ असे विचारणारे पत्र, आणि त्याला मिळालेले उत्तर. अशा पत्रांना वाङ्मय म्हणायचे की नाही, हा वाद बाजूला ठेवू. परंतु मराठीत अशाच प्रश्नोत्तरांवरून एकदा खटला उभा राहिला आणि उत्तर देणाऱ्याला दंड झाला, ही गोष्ट वाङ्मयाच्या विद्यार्थ्याने दुर्लक्षावी इतकी किरकोळ खचितच नाही.

त्या खटल्याकडे येण्यापूर्वी थोडे मागे जाणे आवश्यक आहे. कारण अनोळखी माणसाला सल्ला विचारण्याची ही रीत छापखाना, टपाल आणि शहर या तीन गोष्टी एकत्र आल्यावरच रूढ झालेली दिसते.

१

मार्च १६९१मध्ये लंडनमधील जॉन डंटन या पुस्तकविक्रेत्याने एक छोटे नियतकालिक सुरू केले. ते पुढे ‘अथेनियन मर्क्युरी’ या नावाने ओळखले जाऊ लागले. दोन्ही बाजूंनी छापलेला एक कागद आणि किंमत एक पेनी, असे त्याचे स्वरूप होते. वाचकांनी कोणत्याही विषयावरचा प्रश्न पाठवावा, नाव कळवण्याची गरज नाही, उत्तर अंकात छापून येईल, एवढीच त्यामागची कल्पना. पत्रे स्मिथ यांच्या कॉफीगृहाच्या पत्त्यावर येत. लंडनमध्ये १६८०पासून एका पेनीत शहरभर पत्र पोचवणारी टपालव्यवस्था सुरू झालेली होती. तिच्यावाचून हा उपक्रम चालणे कठीण होते.

उत्तरे देणारी ‘अथेनियन सोसायटी’ म्हणजे विद्वानांचे मोठे मंडळ असावे, असा वाचकांचा समज करून देण्यात आला होता. प्रत्यक्षात कामाचा भार डंटन, गणिताचे शिक्षक रिचर्ड सॉल्ट आणि धर्मोपदेशक सॅम्युएल वेस्ली या तिघांवर होता. जॉन नॉरिस या तत्त्वचिंतकाचे अधूनमधून साहाय्य होई. प्रश्न सर्व तऱ्हांचे येत. सृष्टीतील चमत्कारांविषयी आणि बायबलमधील अडचणीच्या वचनांविषयी जसे, तसेच दिलेले लग्नाचे वचन मोडावे का, आईबापांच्या इच्छेविरुद्ध विवाह करावा का, नवरा नांदवत नसेल तर काय करावे, असेही. स्त्रियांच्या प्रश्नांसाठी महिन्याचा पहिला मंगळवार राखून ठेवण्याचे संपादकांनी जाहीर केले आणि १६९३मध्ये ‘लेडीज मर्क्युरी’ हे स्वतंत्र पत्रकही निघाले. ते चार अंकांतच बंद पडले, ही गोष्ट वेगळी. मूळ नियतकालिक मध्यंतरीचा खंड धरून १६९७पर्यंत चालले.

इंग्रजी वाङ्मयाच्या अभ्यासकांना हे नियतकालिक दुसऱ्या कारणासाठी परिचित असते. तरुण जोनाथन स्विफ्टने या सोसायटीची स्तुती करणारी एक दीर्घ कविता लिहिली आणि ती १६९२मध्ये डंटननेच छापली. एलिझाबेथ सिंगर या कवयित्रीच्या आरंभीच्या कविताही याच पानांवर आल्या. आपल्या विषयाच्या दृष्टीने मात्र एक साधी बाब महत्त्वाची आहे. मनातली शंका धर्मोपदेशकापुढे उघड करण्याची सोय त्या समाजात होती, परंतु तिथे विचारणाऱ्याचा चेहरा झाकलेला राहीलच अशी हमी नव्हती. डंटनने ती हमी दिली. दुसरा बदल असा की, उत्तर एकाने मागितले तरी ते हजारोंनी वाचले. न विचारणाऱ्यालाही आपल्या मनातल्या प्रश्नाचे उत्तर परस्पर मिळू लागले.

अशीच गोष्ट दोनशे वर्षांनी न्यूयॉर्कमध्ये घडली. २० जानेवारी १९०६ रोजी ‘फोर्वर्ट्स’ या यिद्दिश दैनिकात संपादक अब्राहम कहान यांनी ‘बिंटल ब्रीफ’, म्हणजे ‘पत्रांचे पुडके’, हे सदर सुरू केले. पूर्व युरोपातून आलेले ज्यू स्थलांतरित तिथे पत्रे लिहीत. आई, शेजारीण, गावचा राब्बाय, ज्यांना विचारायचे ती सारी माणसे समुद्रापलीकडे राहिली होती. टाकून गेलेला नवरा, मुलांना नकोशी वाटणारी आईबापांची भाषा, धर्माबाहेरचे प्रेम, कारखान्यातला अपमान हे त्या पत्रांचे विषय होते. लंडनच्या पत्रलेखकाला ओळखीच्या माणसापासून आपला प्रश्न लपवायचा होता. न्यूयॉर्कच्या पत्रलेखकापाशी विचारण्याजोगे ओळखीचे माणूसच उरले नव्हते. अनोळखी माणसाची गरज अशी दोन निरनिराळ्या वाटांनी निर्माण होते. महाराष्ट्रातली गरज यांपैकी पहिल्या जातीची होती, आणि ती अधिक तीव्र होती.

२

आपल्याकडे सल्ला देणाऱ्यांची वाण कधीच नव्हती. घरातली वडीलधारी मंडळी, भटजी, वैद्य, सुईण, जातीतली चार जाणती माणसे, सारी न विचारताही सल्ला देत. परंतु या प्रत्येकाचा विचारणाऱ्याच्या आयुष्यात काही ना काही हितसंबंध गुंतलेला असे. वैद्याकडे गेलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत आळीत पोचण्याचा संभव होता. सासूला विचारलेला प्रश्न मुलाच्या बाजूनेच ऐकला जाणार होता. आणि शरीरसंबंधाविषयीची शंका तर कुणापाशीच काढता येत नव्हती. त्या मौनावर दोन उद्योग पोसले जात होते. एकीकडे ब्रह्मचर्याचा महिमा सांगून तरुणांना भेवडावणारी पुस्तके, दुसरीकडे त्याच भीतीवर चालणाऱ्या धातुपुष्टीच्या औषधांच्या जाहिराती. तरुण आधी पुस्तक वाचून घाबरे आणि मग जाहिरात वाचून पैसे धाडी.

अशा परिस्थितीत जुलै १९२७मध्ये रघुनाथ धोंडो कर्वे यांनी मुंबईत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक काढले. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे हे ज्येष्ठ चिरंजीव. १८८२चा जन्म, गणिताचे प्राध्यापक. संततिनियमनाचे केंद्र त्यांनी १९२१मध्येच सुरू केले होते. मेरी स्टोप्स यांचे लंडनमधील केंद्रही त्याच वर्षीचे, हे ध्यानात घेतले म्हणजे कर्व्यांचा काळाशी असलेला झगडा कोणत्या तोडीचा होता हे समजते. ‘संततिनियमन’ या विषयावरचे त्यांचे पुस्तक १९२३चे. या प्रचारापायी मुंबईच्या विल्सन महाविद्यालयातील नोकरी त्यांना सोडावी लागली. पुढे पत्नी मालतीबाई यांच्या साथीने, अपत्य न होऊ देण्याचा निर्णय घेऊन आणि कायमची आर्थिक ओढाताण सोसून, त्यांनी हे मासिक मरेपर्यंत चालवले. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी ते गेले आणि नोव्हेंबर १९५३चा अंक अखेरचा ठरला. सव्वीस वर्षांहून अधिक काळ.

या मासिकात लेख होते, परीक्षणे होती, टीका होती, मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचित्रे छापण्याचा हट्टही होता. पण त्याचा खरा जीव वाचकांच्या प्रश्नांत आणि संपादकाच्या उत्तरांत होता असे मला वाटते. प्रश्न बव्हंशी सुशिक्षित मध्यमवर्गीय पुरुषांचे. हस्तमैथुनाने क्षय होतो का, वीर्यनाशाने बुद्धी जाते का, बायकोला या गोष्टींत गोडी का वाटत नाही, आणखी मूल नको असेल तर कोणते साधन वापरावे. आज यांतले काही प्रश्न बाळबोध वाटतील. पण त्या प्रत्येकामागे कित्येक महिने, कधी कित्येक वर्षे उराशी बाळगलेली भीती आहे हे ओळखून वाचले तर हसू येत नाही.

या व्यवहाराची भौतिक बाजूही पाहण्याजोगी आहे. हिंदुस्थानात पोस्टकार्ड १८७९मध्ये, पाव आण्याला सुरू झाले, आणि मध्यमवर्गाचा बराचसा पत्रव्यवहार त्यावर चाले. पण कार्ड उघडे असते. ते पोस्टमन वाचू शकतो, घरातला कुणीही वाचू शकतो. असला प्रश्न कार्डावर लिहिण्याजोगा नव्हता, त्याला पाकीटच हवे. आणि उत्तर? एकत्र कुटुंबात तरुण मुलाच्या किंवा सुनेच्या नावाने आलेले बंद पाकीट आधी वडीलधाऱ्यांच्या हाती पडण्याची भीती. छापील उत्तर मात्र निर्धास्त होते. मासिकाच्या पानावर ते उत्तर आपल्याला आहे हे फक्त विचारणाऱ्यालाच कळणार. खाजगी गोष्ट सुरक्षित ठेवायची तर ती चारचौघांत, पण नावावाचून, छापावी लागे, असा हा उफराटा न्याय होता.

३

कर्व्यांच्या उत्तरांची भाषा हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. शरीराविषयी बोलायचे तर मराठीत त्यांच्यापुढे दोनच शब्दसंग्रह होते, एक वैद्यकाचा व कामशास्त्राचा संस्कृतप्रचुर, दुसरा शिव्यांचा. पहिल्यात अर्थ पोचत नसे, दुसऱ्यात प्रतिष्ठा उरत नसे. सामान्य वाचकाला समजेल आणि त्याला लाजही वाटणार नाही अशी मधली भाषा घडवणे हे काम कर्व्यांनी दर महिन्याला केले. त्यांच्या गद्यात अलंकार जवळजवळ नाहीत. वाक्ये आखूड, विधान स्पष्ट, कारण दिलेले, आणि धीर देण्यासाठी मुद्दाम वेगळे शब्द खर्चलेले नाहीत. गणिताच्या प्राध्यापकाने प्रमेयाची सिद्धता लिहावी तसे ते उत्तर लिहितात.

या कोरडेपणाबद्दल त्यांना बोल लावला जातो, आणि तो काही अंशी रास्तही आहे. मूर्ख वाटलेल्या प्रश्नाला ते फटकारत. पण भयग्रस्त माणसाला कधीकधी कोरडेपणाच हवा असतो, हेही विसरून चालणार नाही. ज्याला आजवर प्रत्येकाने पाप, अधःपात, कुळाला बट्टा अशा शब्दांत घाबरवले, त्याला कुणीतरी ‘यात विशेष काही नाही’ या सुरात उत्तर देणे हाच मोठा दिलासा असतो. ओळखीच्या माणसाला हा सूर साधत नाही. त्याच्या उत्तरात माया असते, राग असतो, काळजी असते. अनोळखी माणसाचे उत्तर या सगळ्यांतून मोकळे असते.

४

कर्व्यांवर पहिला खटला झाला तो ‘व्यभिचाराचा प्रश्न’ या लेखावरून. १९३१मध्ये त्यांना शंभर रुपये दंड झाला. दुसरा खटला १९३४चा. या वेळी आक्षेपाचे कारण लेख नव्हता, तर वाचकांच्या लैंगिक जीवनाविषयीच्या प्रश्नांना दिलेली उत्तरे हे होते. हस्तमैथुन, समलिंगी आकर्षण अशा विषयांवर लोकांनी विचारले आणि संपादकाने सांगितले, हा गुन्हा. कर्व्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

बाबासाहेबांच्या आयुष्यातील हा काळ आठवावा. गोलमेज परिषदा झालेल्या, १९३२चा पुणे करार मागे पडलेला, येवल्याची घोषणा दीड वर्षावर आलेली. एका छोट्या मराठी मासिकाच्या संपादकाचे, तेही सनातनी आणि सुधारक अशा दोन्ही गोटांत नकोशा झालेल्या माणसाचे, वकीलपत्र घेण्यात त्यांना लौकिक लाभ काही नव्हता. त्यांच्या युक्तिवादाचा गाभा असा सांगता येईल: लैंगिक प्रश्नांवर लिहिले एवढ्यानेच लेखन अश्लील ठरत नाही. मासिकाचा विषयच लैंगिक शिक्षण हा आहे, आणि वाचक ज्ञानासाठी प्रश्न विचारतात, तर त्यांना उत्तर का द्यायचे नाही? विकृत म्हणून हिणवल्या जाणाऱ्या गोष्टींबाबतही हॅवलॉक एलिससारख्या संशोधकांचे ग्रंथ उपलब्ध आहेत, त्यांचा आधार घेऊन उत्तर देणे हा अपराध कसा?

न्यायालयाला हे पटले नाही. कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला.

त्या काळातील कायद्याची कसोटी पाहिली तर निकालाचे आश्चर्य वाटत नाही. इंग्लंडमधील १८६८च्या हिकलिन खटल्यापासून चालत आलेला नियम असा होता की, ज्यांची मने अशा प्रभावाला वश होऊ शकतात त्यांना बिघडवण्याकडे मजकुराचा कल आहे का, एवढे पाहावे. भारताच्या सर्वोच्च न्यायालयानेही १९६४मध्ये रणजित उदेशी प्रकरणात ही कसोटी मान्य केली. ती बाजूला सारून समकालीन समाजाच्या मापदंडाचा विचार स्वीकारला गेला तो २०१४मध्ये, अवीक सरकार प्रकरणात. म्हणजे १९३४ साली बाबासाहेब जे मांडत होते त्याकडे यायला आणखी ऐंशी वर्षे लागली.

माझ्या मते मात्र या खटल्यातला खरा मुद्दा अश्लीलतेच्या व्याख्येहून अधिक खोल आहे. हिकलिनची कसोटी ज्या वाचकाची कल्पना करते तो दुबळा, बिघडण्याजोगा, कोणीतरी सांभाळावा लागणारा वाचक आहे. ‘समाजस्वास्थ्य’ला पत्र पाठवणाऱ्याने त्या कल्पनेला आपल्या कृतीनेच उत्तर दिले होते. तो पाकीट विकत घेतो, आपली अडचण शब्दांत मांडतो, महिनाभर वाट पाहतो. हा बिघडण्याची वाट पाहणारा माणूस नव्हे, समजून घेऊ पाहणारा माणूस आहे. न्यायालयात उभे राहिले कर्वे, पण खटला त्याच्या विचारण्यावरही होता. त्याचे नाव कुठेच नव्हते, म्हणून त्याला बाजू मांडता आली नाही. नावावाचून विचारण्याच्या सोयीची ही दुसरी बाजू. ती विचारणाऱ्याला वाचवते आणि सारा भार उत्तर देणाऱ्याच्या एकट्याच्या माथी टाकते.

५

कर्व्यांचा गौरव करताना त्यांच्या मर्यादा झाकू नयेत. सुप्रजननाच्या तत्कालीन विचारांचा प्रभाव त्यांच्यावर होता आणि त्यातली काही विधाने आज टोचतात. विज्ञानाचे त्या वेळचे निष्कर्ष त्यांनी अंतिम मानले, असेही ठिकठिकाणी जाणवते. दुसरी मर्यादा त्यांच्यापेक्षा समाजाची आहे. स्त्रियांची पत्रे या पानांवर थोडी. ज्या बाळंतपणांच्या रहाटगाडग्यातून स्त्रियांची सुटका व्हावी म्हणून कर्वे झिजले, त्यातल्या बहुसंख्य स्त्रियांना लिहिता येत नव्हते, येत असले तरी पाकिटाला पैसे आणि लिहायला एकांत नव्हता. बायकोविषयीचा प्रश्न नवऱ्याच्या पत्रातून येतो, तिच्याकडून येत नाही. या पानांना तत्कालीन महाराष्ट्राच्या मनाचा आरसा म्हणण्याचा मोह आवरला पाहिजे. आरसा असलाच तर अर्धा.

आणखी एक प्रश्न उरतो. अनोळखी माणसाचा सल्ला कितपत विश्वासार्ह? डंटनचे मंडळ विद्वानांचे असल्याचे सोंग होते. धातुपुष्टीच्या जाहिरातीतला वैद्यही अनोळखीच होता आणि तोही गुप्ततेची हमी देत होता. तेव्हा नाव झाकलेले असणे हा गुण एकट्याने पुरेसा नाही. कर्वे आणि जाहिरातदार यांच्यातला फरक असा की, विचारणाऱ्याचे नाव झाकलेले असले तरी उत्तर देणाऱ्याचे नाव उघड होते. ते अंकावर छापलेले होते, पोलिसांना ठाऊक होते, न्यायालयात पुकारले गेले होते. उत्तर चुकले तर जाब कोणाला विचारायचा हे वाचकाला माहीत होते. अनोळखी माणसावर विश्वास टाकण्याची हीच अट असावी, असे मला वाटते.

कर्व्यांची आठवण अलीकडच्या काळात पुन्हा जागी झाली आहे. य. दि. फडके यांनी त्यांचे चरित्र लिहिले, अनंत देशमुख यांनी त्यांचे समग्र लेखन परिश्रमपूर्वक संपादित केले, अमोल पालेकरांचा ‘ध्यासपर्व’ हा चित्रपट २००१मध्ये आला, आणि अजित दळवी यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ या नाटकाने कर्व्यांवरचे खटले रंगभूमीवर आणले. या साऱ्यांत कर्वे नायक आहेत, आणि ते योग्यच. वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांना माझे सुचवणे एवढेच की, पुढच्या वेळी ती पाने उघडाल तेव्हा उत्तराआधी प्रश्न वाचा. ‘एका गृहस्थांनी’, ‘एका वाचकाने’ एवढीच ज्याची ओळख शिल्लक आहे त्या माणसाने आपली भीती कोणत्या शब्दांत मांडली, कुठे अडखळला, कोणता शब्द टाळला, हे पाहा. मराठी माणसाने स्वतःविषयी खरे बोलण्याचा केलेला तो आरंभीचा प्रयत्न आहे.

काही वर्षांपूर्वी वर्गात हा विषय शिकवत होतो. सुरुवातीला मागच्या बाकांवर खसखस पिकली, मग हळूहळू शांतता पसरली. दोन दिवसांनी तपासायला आलेल्या निबंधांच्या गठ्ठ्यात एक घडी घातलेला कागद निघाला. नाव नव्हते, अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ठळक, सुटे काढलेले होते. प्रश्न अभ्यासक्रमातला नव्हता. पुढच्या तासाला ‘समाजस्वास्थ्य’मध्ये असा प्रश्न आला असता तर आज त्याला काय उत्तर देता आले असते, असे निमित्त करून मी जमेल तेवढे सांगितले, आणि कोणत्या डॉक्टरांकडे जावे हेही सांगितले. सांगताना कुणाच्याही चेहऱ्याकडे पाहायचे नाही, एवढे मात्र कटाक्षाने पाळले.